जुन्या ई-पत्रांचे दप्तर कोठे ठेवावे?

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

इतिहासाच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या भानगडीत कशाला पडावे, असा प्रश्न हे शीर्षक वाचून काही मित्रांच्या मनात येईल. त्यांना माझे उत्तर सोपे आहे. आपण ज्यांना ‘साधने’ म्हणतो ती कोणत्या ना कोणत्या वस्तूवर लिहिलेली असतात; आणि ती वस्तू कोठे, कोणाच्या ताब्यात व कोणत्या स्थितीत राहिली, यावर पुढे इतिहास लिहिला जाणार की नाही हे अवलंबून असते. राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला तो जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून मिळालेल्या पत्रांच्या बळावर. ज्यांच्या घरची दप्तरे वाळवीने खाल्ली, त्या घराण्यांविषयी आज आपण गप्प आहोत. पत्रे आजही लिहिली जातात. फक्त त्यांचे रुमाल बांधून कोणी ठेवत नाही, एवढेच.

हा विषय माझ्याकडे कसा आला ते थोडक्यात सांगतो. गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाने ई-मेलची सारी व्यवस्था क्लाऊडवर नेण्याचे ठरवले. इतिहास विभागाच्या खोलीत एक जुना संगणक आहे. त्यात 2003 पासून 2019 पर्यंतचा विभागाचा पत्रव्यवहार साठवलेला होता. कार्यालयाचे पत्रक आले की, जुने जे काही हवे असेल ते महिन्याभरात हलवा, संगणक मोडीत काढायचा आहे. (‘मोडीत’ हा शब्द वाचून आमच्या वर्गात हशा पिकला, मोडी लिपीचा तास नुकताच संपला होता.) विभागप्रमुख मॅडमनी हा प्रश्न साधनचिकित्सेच्या तासाला आमच्यापुढे ठेवला आणि आम्हा तिघा विद्यार्थ्यांना त्याचा अभ्यास करून टिपण द्यायला सांगितले. प्रस्तुत लेख हा त्या टिपणाचाच विस्तार आहे.

त्या पत्रव्यवहारात जपण्यासारखे काय होते, हे प्रथम पाहिले पाहिजे. नाहीतर सारी चर्चा हवेत होईल. बहुतेक पत्रे परिपत्रके, सभांची निमंत्रणे आणि ‘सोबत जोडले आहे’ असे सांगून काहीही न जोडलेली अशीच होती. पण 2007 साली, कोयनेच्या भूकंपाला चाळीस वर्षे झाली त्या निमित्ताने, विभागाने एक उपक्रम हाती घेतला होता. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे ज्यांची घरे पडली अशा वृद्ध माणसांच्या आठवणी विद्यार्थ्यांनी गावोगाव जाऊन टिपून घेतल्या व टंकलिखित करून विभागाच्या पत्त्यावर ई-मेलने पाठवल्या. पुस्तक काढायचे होते, ते निघाले नाही. वह्या ज्याच्या त्याच्याकडे राहिल्या आणि कोठे गेल्या ते आता कोणाला ठाऊक नाही. सांगणारी बरीचशी माणसे आज हयात नाहीत. म्हणजे त्या आठवणींची जगातली एकमेव प्रत त्या मोडीत निघणाऱ्या संगणकात होती. तेव्हा ‘जुने हवे असेल ते हलवा’ हे वाक्य आमच्यापुरते साधे राहिले नाही.

आता त्या संगणकातले दप्तर प्रत्यक्षात काय होते? आउटलुक नावाच्या कार्यक्रमात पत्रे वाचली जात आणि ती ‘पीएसटी’ या जातीच्या सहा फाईलींत साठलेली होती. एका फाईलीत हजारो पत्रे, त्यांचे कप्पे, जोडपत्रे, सारे एकत्र. या फाईलींची गंमत अशी की जुन्या जातीच्या फाईलीची कमाल मर्यादा 2 गिगाबाइट होती आणि ती ओलांडली की फाईल बिघडे. 2003 च्या आउटलुकपासून नवी जात आली, तिची मर्यादा आधी 20 व 2010 पासून 50 गिगाबाइट झाली. आमच्या सहांपैकी चार फाईली जुन्या जातीच्या निघाल्या आणि त्यांतली एक मर्यादेच्या अगदी काठावर होती. एकूण माल साधारण अकरा गिगाबाइट. आजच्या मानाने हे काहीच नव्हे, एखाद्या लग्नाचे चित्रीकरण याहून मोठे असते.

पहिला विचार साहजिकच असा येतो की, नवी क्लाऊडची पेटी प्रशस्त आहे, तर जुनी सगळी पत्रे तिच्यातच ओतावीत. आमच्यापैकी एकाचे मत शेवटपर्यंत हेच होते आणि त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. सगळे एका ठिकाणी येते, एका शब्दावरून वीस वर्षांतले पत्र क्षणात सापडते, वेगळे काही शिकावे लागत नाही. मी स्वतः प्रथम याच बाजूचा होतो. परंतु चालू पेटी आणि दप्तर या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे जसजसा अभ्यास वाढला तसतसे पटत गेले. चालू पेटीत रोज हात घातला जातो. तिच्यातले पत्र चुकून पुसले जाते, एका कप्प्यातून दुसऱ्यात जाते. काही साधनांनी पत्रे आयात केली, तर मूळ पत्र आल्याच्या तारखेऐवजी आयातीची तारीखच यादीत दिसू लागते. 2007 सालची आठवण 2024 साली आलेली दिसली, तर पुढच्या संशोधकाने काय समजावे? कागदाच्या दप्तरात आपण पत्राचा कालनिर्णय करण्यासाठी तासन्तास घालवतो. येथे असलेला काल आपणच पुसायचा, हे काही बरे नव्हे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. क्लाऊडवरची पेटी माणसाच्या नावाने असते. माणूस निवृत्त झाला, त्याचे खाते बंद केले, की पेटी जाते. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत काढून टाकलेल्या वापरकर्त्याची पेटी साधारणतः 30 दिवसांपर्यंत परत आणता येते, गुगलच्या संस्थात्मक व्यवस्थेत 20 दिवसांपर्यंत. त्यानंतर, आधीपासून काही वेगळा बंदोबस्त केलेला नसेल, तर हात हलवत बसायचे. भूकंपाच्या उपक्रमाचा सारा भार ज्या सरांनी वाहिला ते 2019 मध्ये निवृत्त झाले. विभागाच्या सुदैवाने त्यांची पत्रे जुन्या संगणकात होती. ती त्या वेळीच क्लाऊडवरच्या त्यांच्या व्यक्तिगत नावाच्या पेटीत गेली असती, तर नियमाप्रमाणे एव्हाना नाहीशी झाली असती. कोणी दुष्टपणा करण्याची गरजच नाही, कारकुनाने आपले काम चोख केले की पुरे.

जागा अमर्याद असते हाही एक भ्रमच. गुगलने शिक्षणसंस्थांना पुष्कळ वर्षे अमर्याद साठवण दिली होती. फेब्रुवारी 2021 मध्ये त्यांनी जाहीर केले की ती बंद होईल, आणि जुलै 2022 पासून साऱ्या संस्थेला मिळून 100 टेराबाइट अशी सामाईक मर्यादा लागू झाली. शंभर टेराबाइट पुष्कळच आहे. पण हजारो विद्यार्थी-प्राध्यापकांचे व्हिडिओ तिच्यात येऊ लागले की पहिली कात्री कशावर चालते? ज्याला कोणी हात लावत नाही त्यावर. म्हणजेच दप्तरावर. खाजगी खात्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. दोन वर्षे न वापरलेली खाजगी खाती काढून टाकण्याचे धोरण गुगलने डिसेंबर 2023 पासून अमलात आणायला सुरुवात केली. ‘सरांच्या जीमेलवर एक प्रत टाकून ठेवू’ ही सूचना त्यामुळे आपोआपच बाद झाली. तशीही ती मला आवडली नव्हती. संस्थेचे दप्तर कोणाच्या घरी नेऊन ठेवायचे नसते.

आमच्या टिपणावर चर्चा झाली तेव्हा एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी अगदी सोपा उपाय सांगितला. ते म्हणाले, “अरे, महत्त्वाची पत्रे छापून घ्या आणि बाइंडिंग करून ग्रंथालयात द्या. कागद शंभर वर्षे टिकतो.” कागद टिकतो हे खरे, आणि आठवणींची एक छापील प्रत काढावी याला आमचा विरोध नव्हता. पण छापलेला कागद म्हणजे ते पत्र नव्हे. या मुद्द्यावर अमेरिकेत एक मोठा खटला झालेला आहे आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो माहीत असावा म्हणून जरा विस्ताराने देतो.

इराणला गुप्तपणे शस्त्रे विकून त्यातला पैसा निकाराग्वातील काँट्रा बंडखोरांकडे वळवल्याचे प्रकरण 1986 च्या नोव्हेंबरात उघडकीस येऊ लागले. तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर व त्यांचे सहकारी ऑलिव्हर नॉर्थ यांनी व्हाइट हाऊसच्या ‘प्रॉफ्स’ नावाच्या संदेशव्यवस्थेतील आपले हजारो संदेश पुसून टाकले. त्यांच्या लेखी विषय संपला होता. परंतु संगणकखाते आपल्या नित्याच्या पद्धतीने त्या यंत्रातल्या मजकुराच्या राखीव फिती काढीत असे. त्या फितींवर ते संदेश जसेच्या तसे राहिले आणि टॉवर आयोगाच्या 1987 च्या अहवालात त्यांचा उपयोग झाला. पुढे जानेवारी 1989 मध्ये, रेगन यांची कारकीर्द संपता संपता, त्या फितीही पुसल्या जाणार होत्या. स्कॉट आर्मस्ट्राँग आणि वॉशिंग्टनची नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्ह ही बिनसरकारी संस्था तातडीने न्यायालयात गेली व फिती वाचल्या. सरकारचा एक युक्तिवाद असा होता की, महत्त्वाचे संदेश कागदावर छापून ठेवले की झाले, मूळ संदेश ठेवण्याची जरुरी नाही. 1993 साली अपील न्यायालयाने तो फेटाळला. कारण छापील प्रतीत संदेश कोणी पाठवला, कोणाकोणाला गेला, केव्हा पोचला ही माहिती पुरी येतेच असे नाही. आणि कोणाला काय केव्हा ठाऊक होते हाच तर त्या प्रकरणातला कळीचा प्रश्न होता.

या खटल्यातून दोन गोष्टी मी घेतल्या. पत्राचा मथळा, म्हणजे त्याच्या डोक्यावरची पाठवणारा, मिळवणारा, वेळ व मार्ग यांची नोंद, हा पत्राचाच भाग आहे. आपल्याकडचा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 हाही सातव्या कलमात इलेक्ट्रॉनिक अभिलेख जतन करताना त्याचा उगम, गंतव्य व पाठवल्या-मिळाल्याची तारीख-वेळ ओळखता येईल असा तपशील राखायला सांगतो, आणि मजकूर पुढे वाचता येईल अशा स्थितीत असावा असेही म्हणतो. दुसरी गोष्ट व्यावहारिक आहे. प्रॉफ्सचे संदेश वाचले ते फिती मजबूत होत्या म्हणून नव्हे, त्या दुसऱ्या खात्याच्या ताब्यात होत्या म्हणून. ज्याला पुसायचे होते त्याचा हात तेथवर पोचत नव्हता.

छपाई बाद झाल्यावर तिसरी सूचना पुढे आली ती अशी की, सहाच्या सहा फाईली उचलून क्लाऊडच्या साठवणीत जशाच्या तशा टाकाव्यात. आळशी माणसाला हा मार्ग फार पटतो. यात निदान काही बिघडत तरी नाही, परंतु वाचणार कोण? पीएसटी ही एका कंपनीची जात. तिची अंतर्गत रचना मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी 2010 मध्ये प्रसिद्ध केली, हे चांगलेच झाले. त्यामुळे इतरांना ती उलगडणारी साधने नीट करता येतात. पण 2024 साली सर्वांसाठी आलेल्या त्याच कंपनीच्या नव्या आउटलुकमध्ये सुरुवातीला या फाईली उघडतच नव्हत्या! घरच्याच माणसाने घरची लिपी विसरावी, तसा हा प्रकार. शिवाय क्लाऊडच्या फोल्डरमध्ये ठेवलेली पीएसटी तेथल्या तेथे उघडून कोणी काम करू लागला, तर ती बिघडण्याचा धोका असतो. तिला बंदच ठेवावी लागते.

यावर उतारा म्हणजे ‘एमबॉक्स’ नावाची साधी, जुनी, कोणाच्याही मालकीची नसलेली पद्धत. हिच्यात पत्रे मजकुराच्या रूपात एकापुढे एक लिहिलेली असतात, जणू एकाच लांब कागदाच्या गुंडाळीवर सर्व पत्रांची नक्कल केली आहे. मथळे शाबूत राहतात. जोडपत्रे अक्षरांत गुंफून तिथेच बसवलेली असतात. त्यामुळे त्यांचा आकार सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो, पण ती पत्रापासून तुटत नाहीत. थंडरबर्डसारखा फुकट कार्यक्रम ती वाचू शकतो आणि उद्या थंडरबर्ड नसला तरी साध्या मजकूर-संपादकात निदान मथळे व साधा मजकूर दिसतो. ‘रीडपीएसटी’ या मुक्त साधनाने आम्ही सहाही फाईलींच्या एमबॉक्स प्रती काढल्या. काढताना रंगीत खुणा व दैनंदिनीतल्या काही नोंदी गळल्या, म्हणून मूळ पीएसटीही तशाच ठेवल्या. राजवाडे नक्कल करून मूळ कागद टाकून देत नसत.

येथपर्यंत आम्ही जरा खुशीत होतो. मग आठवणींची जोडपत्रे उघडून पाहिली आणि मोडीची खरी आठवण झाली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, उद्गारचिन्हे यांची खिचडी! 2007 साली युनिकोड होते, पण आमच्या तालुक्याच्या ठिकाणी टंकलेखन ‘शिवाजी’, ‘किरण’, ‘श्री-लिपी’ अशा फाँटांतच चाले. या फाँटांत यंत्राच्या दृष्टीने मजकूर रोमन अक्षरांच्या संकेतांतच साठतो. मराठी दिसते ती फक्त फाँटचा मुखवटा चढवल्यामुळे. फाँट नसला की मुखवटा गळतो. वर्डच्या फाईलीत निदान फाँटचे नाव नोंदलेले असते, तेव्हा कोणता मुखवटा शोधायचा ते कळते. पण ज्या चार-सहा विद्यार्थ्यांनी आठवण थेट पत्राच्या साध्या मजकुरात चिकटवून पाठवली, तेथे तेही नाव उरलेले नाही. एकेक फाँट लावून पाहायचा आणि कोठे मराठी उमटते ते बघायचे, हाच मार्ग.

युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात, आणि ती आम्ही वापरली. परंतु जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असे, रफार नंतर. रूपांतरात ती भलत्याच अक्षरावर बसते, जोडाक्षरे फुटतात. साध्या वाक्यात हे वाचकाला सावरून घेता येते. पण गावाचे, वाडीचे, माणसाचे आडनाव बिघडले, तर दुरुस्ती कशावरून करायची? त्यामुळे मूळ फाईल, तिचा फाँट आणि रूपांतरित प्रत ही तीनही एकत्र ठेवावीत व रूपांतर कोणी, केव्हा केले ते वर लिहावे, असे आम्ही सुचवले. क्लाऊडवर ठेवा की लोखंडी कपाटात, ही अडचण दोन्हीकडे सारखीच. क्लाऊड फक्त अक्षरे सांभाळतो, वाचणे आपल्याकडेच राहते.

जागेचा प्रश्न यानंतर फारसा अवघड राहिला नाही. फार स्वस्त अशी ‘थंड’ साठवण मोठ्या कंपन्या देतात. ॲमेझॉनच्या सर्वांत थंड वर्गात अमेरिकेतल्या दराने एका टेराबाइटला महिन्याला साधारण एक डॉलर पडतो. मात्र वस्तू निदान 180 दिवस ठेवल्याचे पैसे द्यावेच लागतात आणि परत मागितली की हाती यायला बारा ते अठ्ठेचाळीस तास लागू शकतात. मोठ्या ग्रंथालयाला हे उत्तम. आमच्या अकरा गिगाबाइटला या स्वस्ताईचा काय उपयोग? शिवाय दरमहा कार्डावरून पैसे कापले जाणार, ते कार्ड कोणाचे, यावर लेखा विभागाशी पत्रव्यवहार करण्यातच आमची पदवी पुरी झाली असती. महाविद्यालयाच्या सध्याच्या क्लाऊडमध्येच संस्थेच्या नावाचा, कोणा एका व्यक्तीच्या खात्याशी न बांधलेला, सामाईक कप्पा मिळतो. तो आम्ही निवडला. तेथे बहुतेकांना फक्त वाचण्याचा अधिकार आहे; बदलण्याचा अधिकार ग्रंथपाल आणि विभागप्रमुख या दोन पदांना दिला आहे.

दुसरी प्रत एका हार्ड डिस्कवर काढून ग्रंथालयाच्या कपाटात ठेवली आणि पुस्तकाप्रमाणेच तिची दाखल क्रमांकासह रजिस्टरात नोंद केली. या नोंदीसाठी मला ग्रंथपालांपुढे बरेच बोलावे लागले, कारण डिस्क हे ‘पुस्तक’ नाही आणि ‘फर्निचर’ही नाही. पण ज्या वस्तूची नोंद असते तिचीच वार्षिक तपासणीत विचारपूस होते. तिसरी प्रत संस्थेच्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या कार्यालयात पाठवली. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दूर, हा जाणकारांचा नेहमीचा नियम आहे. भूकंपाच्या आठवणी भूकंपाच्याच पट्ट्यात सगळ्याच्या सगळ्या ठेवू नयेत, एवढे तरी आम्हाला कळायला हवे होते! तशी क्लाऊडलाही जमीन असतेच. मायक्रोसॉफ्टचे एक केंद्र 2015 पासून पुण्यात आहे, ॲमेझॉनचे 2016 पासून मुंबईत.

प्रत्येक फाईलीची एक ‘मुद्रा’ही काढून ठेवली आहे. फाईल एका गणिती प्रक्रियेतून घातली की चौसष्ट चिन्हांची एक ओळ मिळते. फाईलीत एखादे अक्षर बदलले तरी ओळ पार बदलून जाते. शिवकालीन पत्राच्या शेवटी मर्यादेची मुद्रा उमटवीत, म्हणजे तिच्याखाली मागाहून कोणी मजकूर घुसडू शकत नसे, काम तेच. या ओळींची यादी छापून डिस्कच्या डबीत ठेवली आहे. दरवर्षी तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी तीनही प्रतींच्या मुद्रा ताडून पाहाव्यात, असे ठरले. नव्या पेटीत मात्र फक्त 2017 नंतरची, चालू कामाला लागणारी पत्रे नेली.

एका गोष्टीचा निकाल अजून लागलेला नाही. त्या पत्रांत विद्यार्थ्यांची फी-माफीची विनवणी आहे, आजारपणाची कारणे आहेत, घरगुती अडचणी आहेत. मॅडमचे म्हणणे, ती काढून टाकावीत. ज्यांनी विश्वासाने लिहिले त्यांना ती कोणी वाचावीत असे वाटत नसेल, आणि 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाची जाणीवही ठेवली पाहिजे. निवृत्त सरांचे म्हणणे, दप्तरातून काय काढायचे हे एकदा आपण ठरवू लागलो की थांबायचे कोठे? त्या काळच्या ग्रामीण विद्यार्थ्याची स्थिती कळायला उद्या हीच पत्रे लागतील. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि मला स्वतःला मॅडमचे थोडे अधिक पटते. तूर्त ती पत्रे वेगळी काढून कुलूपबंद ठेवली आहेत. किल्ली ग्रंथपालांकडे आहे, आणि येत्या जुलैच्या विभागीय सभेत हा विषय पुन्हा निघेल. आठवणींच्या अठ्ठावीस जोडपत्रांचे रूपांतर व गावांच्या नावांची पडताळणी राहिली आहे. पाटणच्या बाजूचे जे कोणी प्रथम वर्षात असतील, त्यांनी विभागात येऊन भेटावे.